वाशिमची वेळ काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांचा आजचा डेटा संपत आलाय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय तुमच्यापैकी कित्येकांच्या रोजच्या जगण्याचा आहे. तुम्ही वाशिममध्ये, रिसोडला, मंगरुळपीरला नाहीतर मानोऱ्याला घरात लॅपटॉप उघडून बसलाय. कोणी लोगो बनवतं, कोणी कोड लिहितं, कोणी सबटायटल करतं. क्लायंट अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात. त्याला तुम्ही कधी भेटलेला नाही, बहुतेक कधी भेटणारही नाही. अमेरिकेतला उठतो तेव्हा तुमचा दिवस कलत आलेला असतो. मग या माणसाशी माणसासारखं बोलायचं कसं? त्याच्यासाठी आपण नुसतं एक युजरनेम राहायचं नसेल, तर काय करायचं?

यावर टिप्स देणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. मी इतिहास सांगणारा माणूस, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडतो. दोन ठिकाणची दोन घड्याळं समोरासमोर येतात तेव्हा चालतं कोणाचं? आणि ज्याचं चालत नाही तो काय करतो? हा प्रश्न इंटरनेटच्या फार आधीचा आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करता येते. म्हणून म्हटलं, चला.

शून्याची रेषा

वाशिम शहरात मध्यमेश्वराचं देऊळ आहे. तुमच्यापैकी अनेक जण तिथं जाऊन आले असतील. लंकेपासून मेरू पर्वतापर्यंत जाणारी पृथ्वीची मध्यरेषा इथून जाते, असं गावातली जुनी माणसं सांगतात. ऐकताना वाटतं, प्रत्येक गाव स्वतःला जगाचं केंद्र समजतं, तसलंच हेही असेल. पण यामागे खरोखर शास्त्र आहे.

जुन्या भारतीय खगोलशास्त्रात रेखांश मोजायला एक शून्य रेषा होती. सूर्यसिद्धान्तात ही रेषा लंकेपासून निघून अवंतीवरून, म्हणजे उज्जैनवरून, कुरुक्षेत्राकडे जाते. ही लंका म्हणजे आजची श्रीलंका नव्हे बरं का, विषुववृत्तावर मानलेलं एक ठिकाण. नंतरच्या ज्योतिषग्रंथांत या रेषेवरच्या गावांच्या याद्या येतात. त्यांत वत्सगुल्म हे नाव आहे. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात ज्याच्या मंत्र्याचा, वराहदेवाचा, शिलालेख आहे तो राजा हरिषेण याच शाखेतला.

आता मोबाइलवर नकाशा उघडून बघा. उज्जैन ७५.७७ अंश पूर्व रेखांशावर दिसेल आणि वाशिम ७७.१३ वर. म्हणजे वाशिम त्या रेषेच्या साधारण १४० किलोमीटर पूर्वेला आहे. वेळेत मोजलं तर फरक जेमतेम साडेपाच मिनिटांचा. जीपीएस नसलेल्या काळात एवढी चूक फार नाही म्हणायची.

मला यातलं एक वाक्य आवडतं, ते मीच बनवलंय. एके काळी लोक आपली वेळ वाशिमच्या आसपासच्या रेषेवरून मोजायचे. आज आपण सगळं ग्रिनिचवरून मोजतो. मधल्या काळात जमीन हलली नाही. ठरवणारे बदलले.

ते कसं ठरलं तेही ऐका. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली आणि जगाची शून्य रेषा ग्रिनिचची असं मान्य झालं. कारण अगदी व्यवहारी होतं. जगातली बहुतेक जहाजं तेव्हा ग्रिनिचवर आधारलेलेच नकाशे वापरत होती. जहाजं ज्याची, घड्याळ त्याचं.

एकच चंद्र, दोन नोंदी

पण थांबा. शून्य रेषेपेक्षाही सूर्यसिद्धान्तातली दुसरी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. आपलं गाव शून्य रेषेपासून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे, हे कळायचं कसं? तेव्हा ना तार होती ना फोन. उज्जैनला आत्ता किती वाजले हे विचारणार कोणाला?

उपाय होता चंद्रग्रहण. चंद्रावर पृथ्वीची सावली पडते ती जगात सगळीकडे एकाच क्षणी. मुंबईत आधी आणि नागपुरात नंतर असं होत नाही. त्यामुळे शून्य रेषेवर ग्रहण किती घटकांनी लागणार याचं गणित आधी मांडायचं, मग आपल्या गावात ते प्रत्यक्ष किती वाजता दिसलं ते बघायचं. गणितापेक्षा उशिरा दिसलं तर आपण पूर्वेला, लवकर दिसलं तर पश्चिमेला. जो फरक येईल तो देशांतर. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं. एक घटका म्हणजे आपली २४ मिनिटं, एक पळ म्हणजे २४ सेकंद. या हिशेबानं उज्जैन आणि वाशिममध्ये साडेतेरा पळांचं देशांतर येतं.

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण आठवतंय? चंद्र पूर्ण झाकला गेला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११ वाजले होते. त्याच क्षणी मेलबर्नमध्ये पहाटेचे साडेतीन होते आणि बर्लिनमध्ये संध्याकाळचे साडेसात. घटना एक, क्षण एक, नोंदी तीन. तिन्ही खऱ्या.

हा शब्द लक्षात ठेवा: देशांतर. माझी वेळ बरोबर आणि तुझी चूक, असं यात कुठंही नाही. दोघांनी आपापली वेळ प्रामाणिकपणे सांगितली तरच मधलं अंतर कळतं. एकानं सांगितली आणि दुसऱ्यानं लपवली तर गणितच सुटत नाही.

पेशवाईतलं 'लास्ट सीन'

आता थोडं पुढं, मराठ्यांच्या काळात येऊ. त्या काळची मोडी पत्रं पाहिलीत तर सुरुवातीला एक ठरलेला मजकूर सापडतो. येथील कुशल अमुक तारखेपर्यंत जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, अशा अर्थाचा. त्यात 'ता।' असं लिहिलेलं असतं, म्हणजे तागायत, तिथपर्यंत. पुढं 'छ' येतो, म्हणजे चंद्र, आणि त्यापुढं मुसलमानी महिन्याची तारीख.

शाळेत कोणी दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काय ते जुनं पाल्हाळ. पण हे पाल्हाळ नव्हतं. पत्र जासुदाच्या पायांनी जायचं. पोचेपर्यंत इकडची परिस्थिती बदललेली असू शकते, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं आणि नानासाहेब पेशव्यांना त्याची खबर भेलशाजवळ मिळायला दहाएक दिवस गेले, तीही एका सावकारी पत्रातून. अशा जगात 'आम्ही ठीक आहोत' एवढं म्हणून भागत नाही. 'या तारखेपर्यंत आम्ही ठीक आहोत' असं म्हणावं लागतं.

म्हणजे तीनच गोष्टी होत्या. मी कुठे आहे आणि कसा आहे, ही माहिती कोणत्या वेळेपर्यंतची आहे, आणि आता तुमचं कळवा. त्यानंतर कामाचं बोलणं: विशेष, लिहिण्यास कारण की. मला तर हे आजच्या कित्येक ईमेलपेक्षा जास्त व्यवस्थित वाटतं. आपल्या आजोबांच्या पत्रातलं 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' हे त्याचंच धाकटं भावंडं.

शब्दागणिक पैसे

मग कापूस आला. म्हणजे कापूस वऱ्हाडात होताच, पण एकोणिसाव्या शतकात त्याला लांबचं गिऱ्हाईक लागलं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लिव्हरपूलला पोचेना आणि आपल्या कापसाचा भाव आकाशाला भिडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. मुंबईत शेअर बाजार बुडाला, प्रेमचंद रायचंदसारखे बडे असामी कंगाल झाले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं अमेरिका बघितली नव्हती, पण तिथल्या लढाईनं त्याचं वर्ष ठरवलं.

१८६७ पर्यंत मुंबईहून अकोल्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे आली. १८७० मध्ये मुंबईपासून समुद्राखालून थेट इंग्लंडपर्यंत तारेची जोडणी झाली. आधी जहाजानं ज्या बातमीला आठवडे लागायचे ती आता काही तासांत यायला लागली. रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स यांच्यासारख्या परदेशी पेढ्या वऱ्हाडात कापूस घेत. पुढं १९१० च्या दशकात मूर्तिजापूर ते यवतमाळ ही छोट्या रुळांची गाडी आपल्या कारंज्यावरून धावायला लागली, तीही मुख्यतः कापसासाठीच. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं काढलेली. हीच आपली शकुंतला.

या सगळ्यात संवादाचं काय झालं, ते बघा. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे. समुद्रापारच्या तारेला तर फारच. म्हणून व्यापाऱ्यांनी कोडची पुस्तकं काढली. एका शब्दाचा अर्थ एक अख्खं वाक्य. भाव, गाठी, तारीख, बस. 'तिकडील क्षेम कळवावे' याला तारेत जागा नव्हती, परवडणारच नव्हतं. वेग वाढला आणि माणूस गळाला.

दुसरं असं की तार पेढीपर्यंत यायची, बैलगाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत नाही. लिव्हरपूलचा भाव पेढीला सकाळीच माहीत असायचा आणि गाडीवाल्याला कळायचा तो दलाल सांगेल तेवढाच. एकाला दोन्हीकडची खबर, दुसऱ्याला एकाच बाजूची. देशांतराचं गणित इथं एकतर्फी झालं.

मुंबईची ३९ मिनिटं

रेल्वे आणि तार आली तशी घड्याळाची भांडणंही आली. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर चालायची. पण गाडीचं वेळापत्रक प्रत्येक स्टेशनाला वेगळं कसं ठेवणार? म्हणून रेल्वेनं मद्रासची वेळ धरली, कारण तिथं वेधशाळा होती. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढं. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसननं मुंबईवर ही वेळ लादून पाहिली. लोकांनी इतका विरोध केला की १८८३ मध्ये माघार घ्यावी लागली.

मग १ जानेवारी १९०६ पासून नवी भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. तिचा रेखांश साडेब्याऐंशी अंश, मिर्झापूरजवळचा. मुंबईची स्वतःची वेळ होती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढं. म्हणजे मुंबईच्या घड्याळाचे काटे एका रात्रीत ३९ मिनिटं पुढं ढकलायचे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गिरणी कामगाराच्या जागी उभं राहून बघा. भोंगा पूर्वीसारखाच सहाला होणार, पण आता घड्याळात सहा वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबानं ५ वाजून २१ मिनिटंच झालेली असतात. पगार तोच, भोंगा तोच, झोप ३९ मिनिटं कमी. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईत हजारो गिरणी कामगारांनी याविरुद्ध आवाज उठवला. सर फिरोजशहा मेहतांच्या प्रभावाखालच्या महानगरपालिकेनंही नवी वेळ स्वीकारली नाही. पालिकेनं 'बॉम्बे टाइम' धरून ठेवला तो थेट १९५५ पर्यंत.

म्हणजे जवळजवळ ५० वर्षं मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. कोणाला वेळ द्यायची तर नुसतं 'सहाला या' म्हणून चालत नसे. बॉम्बे टाइम की स्टँडर्ड टाइम, तेही सांगावं लागे. आजच्या फ्रीलान्सरला यात काही ओळखीचं वाटतंय का?

जाता जाता वाशिमचंही सांगतो. आपल्या रेखांशानुसार सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीनं १२ वाजून २१ मिनिटांनी. म्हणजे वाशिमचा माणूस एकही परदेशी क्लायंट नसताना रोज २१ मिनिटं दुसऱ्याच्या घड्याळानं चालतो. सवय झाली की कळत नाही, एवढंच.

ओपन आणि क्लोज

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचे शब्द आपल्याकडे पानटपरीवर अजून ऐकू येतात. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आले कुठून? न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दिवसाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा भाव असायचा. तो टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात यायचा आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. न्यूयॉर्कचा बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे अंधार पडलेला असतो. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं बंद झालं, तेव्हा इथल्या लोकांनी चिठ्ठ्या आणि मटका आणला. आकडे बदलले, शब्द राहिले.

मटक्याची तरफदारी करत नाहीये बरं का, त्यानं किती घरं बुडवली ते सगळ्यांना माहीत आहे. मला दाखवायचं आहे ते एवढंच की रात्री जागून दुसऱ्या खंडातल्या घड्याळाकडे डोळे लावून बसणं आपल्याकडे कॉल सेंटरनं आणलेलं नाही. कॉल सेंटरनं त्यात एक भर घातली. १९९० च्या दशकाच्या शेवटी आपली पोरं रात्रीच्या शिफ्टला बसली आणि त्यांना वेळेबरोबर नावंही बदलायला लागली. फोनवर कोणी स्टीव्ह, कोणी नॅन्सी. उच्चार तिकडचे, हवापाण्याच्या गप्पा तिकडच्या. मी कुठून बोलतोय हे गिऱ्हाइकाला कळू नये, हाच नोकरीचा भाग होता. तारेत क्षेमकुशल गळालं होतं, इथं बोलणाराच गळाला.

आता आपली पाळी

आपण फ्रीलान्सर या रांगेत सगळ्यात शेवटी उभे आहोत. पण आपल्या हातात काही गोष्टी अशा आहेत ज्या गाडीवाल्याकडे नव्हत्या आणि शिफ्टवाल्याकडेही नव्हत्या. पेढीचा दलाल मध्ये नाही. शब्दाला पैसे पडत नाहीत. नाव बदलायला कोणी सांगत नाही. तरी आपण मेसेज लिहितो तो तारेसारखा. 'नोटेड.' 'डन.' 'विल शेअर सून.' फुकटात मिळणाऱ्या शब्दांचीही आपण काटकसर करतो.

मी स्वतः सबटायटल आणि व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो, कारंजा तालुक्यातून. एक क्लायंट ओहायोची. तिच्या टीमची मीटिंग त्यांच्या दुपारी चारला असायची, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री दीड. एकदा आईला जाग आली.

"काऊन रे, इतल्या राती कोणासंगं बोलून राह्यला?"

"अमेरिकेतल्या बाईसंगं."

"तिले झोप नाही येत काय?"

"तिच्याकडं दुपार हाये, आई."

"मंग तिले सांग ना बाप्पा, इथं रात हाये म्हणून."

आईनं सूर्यसिद्धान्त वाचलेला नाही, पण देशांतराचं अर्धं गणित तिनं सांगितलं. दोघांनी आपापली वेळ सांगायची असते. त्या बाईला माझी वेळ कोणी सांगितलीच नव्हती, आणि माझ्या बोलण्यावरून तर तिला दुपारच वाटत होती.

मी तिला लिहिलं. तक्रार नाही, नुसती माहिती. मी कुठे राहतो, आत्ता तिथं किती वाजलेत, घरात कोण झोपलंय, सध्या शेतात सोयाबीनची काढणी चालू आहे म्हणून सकाळी लवकर उठावं लागतं. आणि विचारलं, तुमच्या सकाळी आठला बोललो तर चालेल का? पाठवायच्या आधी बराच वेळ बोट बटणावर तसंच होतं. काम गेलं तर पुढच्या हप्त्याचं काय, हा विचार होताच. तिचं उत्तर आलं ते मोठं होतं. मीटिंग आठला झाली, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. त्याच्याखाली तिनं तिच्या गावाबद्दल लिहिलं होतं, आणि तिचे आजोबाही शेती करायचे, मक्याची.

हे वाचून लगेच सगळ्या क्लायंटना पत्र लिहायला बसू नका. दुसऱ्या एका क्लायंटनं तशाच मेसेजला एका ओळीत उत्तर दिलं आणि पुढच्या महिन्यात काम दुसरीकडे दिलं. माझ्या कमाईचा तो जवळपास चौथा हिस्सा होता. वेळ सांगण्याची किंमत पडू शकते, हे गिरणी कामगारांनाही माहीत होतं. आणि ज्याला कालच पहिलं काम मिळालंय त्याला मी 'रात्री जागू नको' असं सांगणार नाही. जागा. पण तुम्ही जागताय, हे समोरच्याला माहीत असू द्या. लपवलेली रात्र कोणी हिशेबात धरत नाही.

आता इतिहासातून उचललेल्या काही सवयी सांगतो. मी पाळतो, मला उपयोगी पडल्यात.

पहिली पेशवाईतली. काम संपवून झोपायला जाताना एक तागायत मेसेज टाकायचा. अमुक वारी, माझ्या रात्रीच्या नऊपर्यंत एवढं झालंय, एवढं बाकी आहे, तुमच्याकडून ही एक गोष्ट हवी आहे, मी परत माझ्या सकाळी नऊला बघीन. समोरचा उठतो तेव्हा त्याला तुमची वाट बघावी लागत नाही आणि तुम्हाला रात्री फोन उशाशी घेऊन झोपावं लागत नाही.

दुसरी मुंबईची. वेळ लिहिताना दोन्ही वेळा लिहायच्या, तुमची आणि त्यांची, वारासकट. 'उद्या' हा शब्द वापरायचाच नाही. यात आपली एक खास अडचण आहे. आपल्या परंपरेत वार बदलतो सूर्योदयाला. त्यामुळे 'शुक्रवारी रात्री एकला' म्हटलं की आपल्या डोक्यात शुक्रवारच असतो, पण कॅलेंडरमध्ये शनिवार लागलेला असतो. या एका गोष्टीवरून मीटिंग चुकलेली अनेक मंडळी मला माहीत आहेत.

तिसरी, त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा हलतात, आपली हलत नाहीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. म्हणून न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं ते हिवाळ्यात साडेदहा होतं, आणि लंडन साडेचारचं साडेपाच. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली असते आणि युरोप जुन्याच वेळेवर. त्या आठवड्यात आपणहून कळवा, 'तुमचं घड्याळ बदललंय, आपली वेळ अशी होईल.' समोरच्याला कळतं की हा माणूस माझ्या सकाळीचा विचार करतो.

चौथी, क्षेमकुशल. रोज नाही, नाहीतर तेही टेम्प्लेट होतं. पण खरं काही असेल तेव्हा एक ओळ. पोळा आहे म्हणून उद्या अर्धा दिवस नाही. पावसानं लाइट गेली आहे, फाइल दोन तास उशिरा येईल. आणि त्यांनी काही सांगितलं असेल तर ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी विचारायचं. ज्याला लिहायला जड जातं त्यानं व्हॉइस नोट पाठवावी. दोघांनी एकाच वेळी जागं राहायची गरज नाही, तरी आवाज पोचतो. इंग्रजी मोडकं असलं तर असू द्या. वाशिमला सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. मोठेपणा सांगायला एक भाषा, काम समजायला हवं तिथं लोकांची भाषा. आपणही काम समजेल असं लिहायचं. इथंच आपल्या गावाचा आणखी एक मान सांगतो. राजशेखर या कवीनं 'वच्छोमी' नावाच्या लेखनशैलीचा उल्लेख केलाय आणि अभ्यासक ते नाव वत्सगुल्माशी जोडतात. आपल्या गावाच्या नावानं एके काळी लिहिण्याची एक रीत ओळखली जायची. क्लायंटला 'नोटेड' टाइप करण्याआधी हे एकदा आठवून बघा.

तर मंडळी, आज रात्री किंवा उद्या सकाळी, जशी तुमची वेळ असेल तशी, एका क्लायंटला एक मेसेज लिहा. त्यात वाशिम लिहा, तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत ते लिहा आणि त्याच्याकडचं विचारा. काय उत्तर आलं ते मला नक्की सांगा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. पुढचा भाग शकुंतलेवर आहे, म्हणजे कारंज्याच्या मंडळींनी आजी-आजोबांकडून गोष्टी गोळा करायला लागा.

येथील कुशल, तागायत रविवार, रात्री नऊ, वाशिमची वेळ. तुमचं कळवा.